सहीच्या आधी धुळीचं एक पान: जुनं घर बिल्डरला देणाऱ्या इंदूरकरांना खुलं पत्र

रामबाग, नारायण बाग, स्नेहलतागंज, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर इथल्या, जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरवलेल्या किंवा ठरवत असलेल्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

हे पत्र महापौरांना लिहा, आयुक्तांना लिहा, असं घरचे म्हणत होते. मेट्रोच्या कामाची धूळ, बीआरटीएसची, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेची, रेलिंग उखडतानाची धूळ, यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते लिहितातच. मी तुम्हाला लिहितोय, कारण आपल्या गल्लीत जी धूळ उडते तिच्या कागदावर महापौरांची सही नसते, आपली असते.

माझी ओळख एवढीच, की बत्तीस वर्षं मी बांधकामावर सुपरवायझर होतो. स्लॅब, प्लास्टर, फरश्या, तोडफोड, सगळं केलं. धूळ खाऊनच पोट भरलं म्हणा ना. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते मला आधीपासून ठाऊक होतं. तरीही दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या वडिलांचं घर पाडताना मी त्यातलं काहीएक केलं नाही.

घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरासारखंच. खाली चुन्यातली वीट, वर मातीतली, सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर वीतभर मातीचा थर, आणि माथ्यावर कवेलू, म्हणजे कौलं. चार भावंडांचा हिस्सा. दोघं पुण्यात, एक बंगळुरूला, इथे मी. दीड वर्ष बोलणी चालली. कारपेट एरिया किती, पार्किंग कुणाला, देवघर कुठल्या दिशेला, लिफ्ट किती माणसांची. सहा चौरस फुटांवरून धाकट्या भावाशी माझा चार महिने अबोला होता. करार बावीस पानांचा झाला. त्यात 'जुने बांधकाम पाडून मलबा हटवण्याची जबाबदारी विकासकाची राहील' अशी एक ओळ होती. मी ती वाचली आणि पान उलटलं.

एप्रिल महिना. कवेलू आणि साग ठेकेदाराने आधीच हातांनी, अगदी जपून उतरवून नेले होते, कारण ते विकले जातात. उरलेल्या घराला मोल नव्हतं, म्हणून त्यासाठी जेसीबी. सकाळी साडेनऊला त्याने पुढच्या भिंतीला धक्का दिला आणि माळ्यासकट सगळं एकदम खाली आलं. साठ-सत्तर वर्षांची चुलीची काजळी, पारव्यांची घाण, चुना, वाळकी माती. त्या ढगाला आधी पिवळट रंग होता, मग करडा, मग गल्लीचं दुसरं टोक दिसेना. एक पोरगा अर्ध्या इंचाची नळी अंगठ्याने दाबून पाणी मारत होता. पाणी ढिगावर पडत होतं; धूळ तोवर शेजारी जाऊन पोचली होती.

शेजारच्या काकूंनी त्या दिवशी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. पहाटे उठून चीक शिजवलेला, पांढऱ्या धोतरावर ओळीने मांडलेल्या. मी वर गेलो तेव्हा धोतर आणि कुरडया एकाच रंगाच्या झाल्या होत्या. काकूंनी धोतराची चारही टोकं उचलून गाठ मारली आणि म्हणाल्या, "घर पाडायचं म्हटलं की धूळ उडायचीच रे. तू चहा घेणार का?" त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. काका दमेकरी. त्या आठवड्यात रात्री दोन-दोन वेळा त्यांच्या नेब्युलायझरची घरघर मला भाड्याच्या घरात, दोन घरं पलीकडे, ऐकू यायची.

आता धंद्यातलं थोडं सांगतो. डोळ्यांना दिसते ती धूळ त्रासाची असली तरी फारशी घातक नाही. ती नाकात अडकते, शिंकेबरोबर निघते, नाहीतर खाली बसते. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनच्या आतले कण नाक-घसा ओलांडून छातीत उतरतात, आणि अडीच मायक्रॉनचे फुप्फुसाच्या अगदी तळाशी. तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे दहाएक मीटरवरून सुटलेला दगडाच्या भुकटीचा १० मायक्रॉनचा कण वारा अजिबात नसेल तर वीसेक मिनिटांत जमिनीवर येतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला पाच तासांहून जास्त लागतात. म्हणजे जेसीबी गेला, मजूर जेवायला बसले, गल्ली स्वच्छ दिसू लागली, काकूंनी खिडक्या उघडल्या, आणि तो कण अजून खाली यायचाच आहे. वारा सुटला तर तो येतच नाही, पुढच्या गल्लीत जातो.

वाळू, गिट्टी, काँक्रीट, ग्रॅनाइट या सगळ्यांत सिलिका असते. ती छातीत साठत गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर औषध नाही. हे आपल्याला मुंबई-दिल्लीहून कुणी येऊन सांगायला नको. आपल्या साइटवर सकाळी मजूर येतात ते झाबुआ, आलिराजपूर, धारचे. त्याच गावांमधली माणसं गोध्र्याकडच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेली आणि खोकत परत आली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृत मजुरांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला लावले. इमारतीच्या कामावर धूळ तितकी दाट नसते, मान्य. पण माझ्याकडे फरशीवर एक जण होता, दहा वर्षं ग्रॅनाइट कोरडा कापायचा, तोंडाला फक्त गमछा. गमछ्याने ऊन अडतं. गमछ्याच्या विणीतून १० मायक्रॉनचा कण आरामात जातो. मी त्याला रोज बघायचो. कटरला पाण्याची बारीक नळी लावायला दहा मिनिटं लागली असती. मी ती लावायला लावली नाही, कारण ओल्या कामाने खाली रबडी होते आणि मालकीणबाई ओरडतात.

कायदा नाही असं नाही. पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०१८ मध्ये, हवेतली धूळ मर्यादेबाहेर असलेल्या शहरांसाठी नियम काढले. बांधकामाभोवती इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मीटरपर्यंत आडोसा हवा. पाणी मारायची सोय हवी. माती, वाळू, मलबा उघडा ठेवायचा नाही, रस्त्यावर टाकायचा नाही, न झाकता वाहून न्यायचा नाही. दगड-फरशी उघड्यावर कापायची-घासायची नाही. आणि धुळीसाठी काय-काय केलंय त्याची पाटी साइटवर दिसेल अशी लावायची. ही शेवटची पाटी मी तरी आपल्या भागात पाहिलेली नाही. 'बुकिंग चालू आहे'ची वीस फुटी असते.

मर्यादा म्हणजे किती, तर १० मायक्रॉनच्या आतल्या धुळीसाठी दिवसाला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची सरासरी ६०. जागतिक आरोग्य संघटना वर्षाला १५ म्हणते. ही मर्यादा सातत्याने न पाळू शकलेल्या शहरांची यादी २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, आणि तीत भोपाळ, ग्वाल्हेर, उज्जैन, देवास, सागरबरोबर आपलंही नाव आहे. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं म्हणून मिरवणारं आपलं शहर. रात्री रस्ते झाडणारी यंत्रं फिरतात, ओला-सुका कचरा आपण डोळे मिटून वेगळा करतो, कुणी कागदाचा बोळा रस्त्यावर टाकला तर आपलीच पोरं त्याला टोकतात. कचरा वेगळा करणारा तोच माणूस घर पाडताना शंभर टन मलब्याची धूळ हवेत सोडतो आणि त्याला कुणी टोकत नाही. मी सोडली ना.

शंभर टन हे तोंडाला येईल ते सांगत नाही. पक्कं बांधकाम पाडलं की चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो मलबा निघतो, असा ढोबळ हिशेब आहे. तीन हजार चौरस फुटांचं दुमजली घर म्हणजे साधारण २८० चौरस मीटर, काढा हिशेब. आणि इथेच खरी मेख आहे. २०१६ च्या मलब्याच्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका कामावर ३०० टन मलबा काढणाऱ्याला सविस्तर आराखडा देणं भाग होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत मुख्य जबाबदारी २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. आपली रामबागेतली घरं महिन्याच्या ३०० टनांच्या आणि नव्या नियमांच्या जाळ्यांतून सहज निसटतात; दिवसाचे २० टन तर कुणी मोजतच नाही. मलबा आवारातच ठेवा, वेगवेगळा करा, रस्ता-गटार अडवू नका, हे २०१६ मध्ये लहानांनाही सांगितलं होतं. पण एकेका गल्लीत एकेका घरावर नजर ठेवायला माणूस कुठून आणणार? म्हणून म्हणतो, आपल्यापुरता कायदा म्हणजे आपला करार.

"बिल्डर ऐकत नाही हो." हे मी दहा घरांत ऐकलंय. ऐकतो. पण फक्त सही होईपर्यंत. तोवर तो स्वतः पेढे घेऊन येतो, आईच्या पाया पडतो, दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवतो. सही झाली की फोन मुकादम उचलतो. तेव्हा धुळीचं एक पान सहीच्या आधी जोडून घ्या. वकिलाची भाषा नको, साधी लिहा. माझ्या घराला हे पान असतं तर त्यात काय असतं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे, नकाशा मंजूर होऊन हातात येईपर्यंत घराला हात लावायचा नाही. हे मी सगळ्यांत वर लिहीन. आमचं घर एप्रिलमध्ये पाडलं आणि परवानगी पुढल्या जानेवारीत आली. नऊ महिने उघडा भूखंड, त्यावर भुसभुशीत माती, आणि पावसाळ्याचे चार महिने सोडले तर रोज दुपारी वावटळ. पाडकामाची धूळ चार दिवसांची होती, रिकाम्या जागेची पाच महिन्यांची. पाडल्यावर काम सुरू व्हायला वेळ लागणार असेल तर माती दाबून घ्यायची, वर मुरूम नाहीतर ताडपत्री, कुंपणाला पत्रे.

पाडायचं ते वरून खाली, एकेक मजला, आणि माळ्याची माती आधी ओलवून पोत्यांत भरून उतरवायची. मातीच्या घरात निम्मी धूळ त्या माळ्यात असते. वरून मलबा फेकायचा नाही. बुडं कापलेले पत्र्याचे पिंप एकात एक अडकवून नळकांडं करायचं आणि त्यातून सोडायचा, खालच्या तोंडाला ओलं पोतं. खर्च जवळपास शून्य.

पाण्याबद्दल मात्र दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण इथे सगळे चुकतात. हवेत उडालेल्या धुळीवर जाड धार मारून उपयोग नाही. मोठा थेंब खाली येताना त्याच्याभोवतीची हवा वळते आणि बारीक कण तिच्याबरोबर बाजूला सरकतो. त्याला पकडायला थेंबही बारीक हवा, तुषार हवेत. जाड पाणी लागतं ते धूळ उडायच्या आधी, भिंत भिजवायला. आदल्या संध्याकाळी थोडं, सकाळी पुन्हा थोडं, म्हणजे ओल आत जिरते. पण मातीतल्या भिंतीला रात्रभर नळी लावून सोडू नका. ती कुणाला न विचारता बसते, आणि खाली कुणी झोपलेलं असलं तर पुढचं मी सांगायला नको. पाणी अती झालं तर चिखल, तो ट्रॉलीच्या चाकांना लागून रस्त्यावर येतो, उन्हात वाळतो, आणि मग येणारी-जाणारी प्रत्येक ॲक्टिव्हा त्याचं पीठ दळते. म्हणून फाटकाशी चाकं धुवायची आणि संध्याकाळी रस्ता ओला करून झाडायचा. कोरडा झाडू साइटवर बंद. कोरड्या झाडूने धूळ जात नाही, फक्त घर बदलते.

पाणी कुठलं? नर्मदेचं नको, कृपा करा. जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी चढवत आणलेलं पाणी मलब्यावर ओतायचं म्हणजे पाप आहे. आपल्या शहरात सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं आहेत, कबीटखेडीचं तर सगळ्यांना माहीत आहे. २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर म्हणून इंदूरचं नाव झालं ते त्याच कामासाठी. टँकर त्या पाण्याचा मागवायचा, असं पानावर लिहा.

हिरवी जाळी. ती लावली की बिल्डर म्हणतो, झालं धुळीचं काम. जाळीने विटेचा तुकडा अडतो, वाऱ्याचा जोर मोडतो, बारीक धूळ तिच्यातून चाळणीतून मैदा जावा तशी जाते. जाळी हवीच, पण खाली पत्रे आणि आत तुषार नसतील तर ती नुसती शोभा. फरशी-ग्रॅनाइट कापायचं ते आडोशाच्या आत, ओलं. मजुरांना एन-९५ मास्क, रोज एक, आणि तो घालतात की नाही हे बघायला माणूस. रेजांचंही, म्हणजे मजूर बायकांचंही, यात धरा. मास्क वाटताना बायकांना वगळायची आपल्याकडे जुनी खोड आहे. आणि वाळूच्या ढिगाशेजारी झोळी बांधून तान्हं पोर निजवलेलं दिसलं, तर झोळी कुठे हलवायची ते मुकादमाने बघायचं, आईवर सोडायचं नाही.

मलब्याच्या ट्रॉलीवर ताडपत्री, आणि ट्रॉली जाते कुठे त्याची पावती. देवगुराडियाला मलबा दळून त्याचे ब्लॉक करतात. विटा-काँक्रीट वेगळं गेलं तरच त्याचं काही होतं. माती, लाकूड, प्लॅस्टिकची खिचडी कुणाच्या कामाची नाही. ठेकेदाराला सोडलं तर तो रात्री कुठल्यातरी नाल्याच्या काठी रिकामी करतो. आमच्या चाळीस ट्रॉल्यांपैकी किती कुठे गेल्या, मी विचारलंही नाही.

वेळही लिहा. उन्हाळ्यात वारा दुपारी चढतो, तेव्हा तोडफोड सकाळी उरकायची. थंडीत उलट: पहाटेची हवा जड असते, धूळ खालीच घोटाळते, म्हणून ऊन वर येईपर्यंत थांबायचं. जोराचा वारा सुटला तर काम बंद, आणि त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. नाहीतर वारा सुटला असं कोण सांगेल?

शेवटचा मुद्दा पैशाचा. यातलं पाळलं नाही तर काम थांबवायचा हक्क घरमालकाला, आणि थांबलेले दिवस मुदतवाढीत धरायचे नाहीत. एवढं एक वाक्य पुरतं. बाकी सगळा खर्च, म्हणजे पत्रे, जाळी, टँकर, तुषारांचा पंप, मास्क, एका बऱ्यापैकी मॉड्युलर किचनपेक्षा कमी बसतो. हे बत्तीस वर्षं बिलं तपासलेल्या माणसाचा अंदाज म्हणून धरा.

आणि शेजाऱ्यांना आठ दिवस आधी सांगा. चिठ्ठी नको, स्वतः जा. कुणाकडे दमा आहे, कुणाचं बाळंतपण आहे, कुणाच्या पोराची बोर्डाची परीक्षा आहे हे घरात शिरल्याशिवाय कळत नाही. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यालाही सांगा. पोह्यांवर जिरावण मसाला तो घालतोच, वरून आपला चुना नको.

आमच्या समोरचं घर आता जातंय. मालकांनी मला मसुदा वाचायला दिला, एकोणीस पानांचा. विसावं मी हाताने लिहून दिलंय. बिल्डरने दोन ठिकाणी तोंड वाकडं केलं, पण मानलं. अडलंय ते तारखेवर. त्याला अक्षय्य तृतीयेला नारळ फोडायचा आहे. माझं म्हणणं, दसऱ्यानंतर धरा. पाऊस उघडलेला असतो, भिंतींत ओल असते, वारा कमी. मालक म्हणाले, काकूंना विचारा, त्या म्हणतील तसं करू. आज संध्याकाळी जातोय विचारायला.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
रामबाग, इंदूर